हवेला रंधा

दार उघडलं आणि आवाजच झाला नाही. पॉलिशबाईंना आधी वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत आणि दार उघडल्याचं स्वप्न पडतंय. मग पायांना गार फरशी लागली, स्वयंपाकघरातून चहाचा वास आला, आणि त्यांची खात्री पटली की आपण जाग्या आहोत आणि घरात काहीतरी शिजतंय. चहा सोडून दुसरं काहीतरी.

कारण त्यांच्या खोलीचं हे दार मुकाट्यानं उघडणाऱ्यांतलं नव्हतं. दमट दिवस आले की ते फुगायचं आणि चौकटीत असं रुतून बसायचं की खांदा लावल्याशिवाय हलायचं नाही. खांदा लावला की आधी कुरकुर, मग करकर, आणि मग एकदम सुटून माणसाला बाहेर फेकून द्यायचं. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून पॉलिशबाई दर वर्षी ह्या दाराशी भांडत आल्या होत्या. नवऱ्याशी झालेलं भांडण निदान जेवणाच्या वेळेपर्यंत तरी मिटायचं. दारानं कधी माघार घेतली नव्हती.

आणि आज बाहेर चार दिवसांची झड लागलेली, भिंतींना ओल, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं, आणि दार मात्र लोण्यातून सुरी फिरावी तसं उघडलं.

त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. त्या बोटाला फसवणं सोपं नव्हतं. खाली सुतारकामाचा कारखाना आणि वर घर, असा त्यांचा संसार. नवरा सुतार, त्याला सगळी गल्ली थोरले मिस्त्री म्हणायची. तो गेल्यावर मुलगा धाकटे मिस्त्री झाला. आणि ह्या दोघांनी केलेल्या प्रत्येक कपाटाला, प्रत्येक खाटेला पॉलिश केलं ते बाईंनी. म्हणून त्या पॉलिशबाई. खरं नाव रेशनकार्डावर असेल तर असेल. तर त्या बोटाला कळलं की कडेचं पॉलिश गेलंय आणि आत उघडं, ताजं लाकूड आहे. बिजागऱ्यांनाही तेल घातलेलं होतं. कोणीतरी दाराला रंधा मारला होता, आणि तोही ह्या हवेत.

इथं थोरल्या मिस्त्रींचा नियम सांगायला हवा, नाहीतर एवढ्याशा तासलेल्या कडेवरून एक बाई एवढी का बिथरली ते कळायचं नाही. पावसाळी दिवसांत गिऱ्हाइकं यायची. म्हणायची, मिस्त्री, दार लागत नाही, जरा तासून द्या. मिस्त्री विचारायचे, "कधीपासून लागत नाही?" गिऱ्हाईक म्हणायचं, आठ दिवस झाले. "मग ती हवा आहे," मिस्त्री म्हणायचे. "हवेला रंधा मारत नाहीत. ऋतू पालटू द्या, मग या." गिऱ्हाईक चिडायचं. हवा काय आणि ऋतू काय, एकाच माळेचे मणी! त्यावर मिस्त्री हातातलं काम खाली ठेवायचे. त्यांना हे समजावून सांगायची भारी हौस होती. हवा म्हणजे आजचं. आज फुगलं, उद्या बसेल. ऋतू म्हणजे वर्षाचं, जो जातो आणि ठरल्यासारखा परत येतो. दार वर्षभर वापरायचं असतं, म्हणून ते ऋतूंच्या हिशेबानं करायचं. हवेच्या मापानं तासलं, तर कोरडे दिवस आल्यावर लाकूड आकसतं आणि दाराशेजारून मांजर आत येतं. मांजराचं जरा वाढवून सांगायचे, पण मुद्दा खरा होता.

तेव्हा ज्या घरात हा नियम पाळण्यातल्या मुलासारखा जपला गेला, त्या घरातल्या दाराला भर ओल्या दिवसांत रंधा लागावा, ह्याचा अर्थ काय? पॉलिशबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं म्हणजे ती पाल महिनाभर तिथं मुक्कामालाच होती. आज तिनं तोंड उघडलं.

महिन्यापूर्वी त्यांना खोकला लागला. साधा नव्हे, मुळापासून उपटून काढणारा. मुलानं दवाखान्यात नेलं. तिथं छातीचे फोटो काढले, रक्त काढलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा काढलं. शेवटी डॉक्टरांनी मुलाला आत घेतलं आणि बाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. मुलगा बाहेर आला तो नाक शिंकरत. म्हणाला, "काही नाही गं आई. हवेनं आहे. हवा बदलली की बरं वाटेल." बाईंनी मान हलवली. त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. गल्लीतली निम्मी माणसं खोकत होती.

पण तिथून पुढं घर बदललं. सूनबाई गोड बोलायला लागली. सूनबाई कधी वाईट बोलत होती असं नाही, पण पूर्वी ती सरळ बोलायची. ती पडदे शिवायची, मशीनच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळं "आई, चहा ठेवलाय, गार करू नका" हे वाक्यसुद्धा हुकुमासारखं यायचं. आता ती मशीन थांबवून विचारायची, आई, चहा घेता का थोडा? एवढी साखरपेरणी कोणी उगाच करत नाही. एके दुपारी तर ती शिवणाची टेप घेऊन बाईंच्या खोलीत जमीन मोजताना सापडली. काय गं, असं विचारल्यावर म्हणाली, पडद्याचं माप घेत होते. पडदा खिडकीला असतो. ही खाटेपासून भिंतीपर्यंत मोजत होती.

बाईंना भीती एकच होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. समोरच्या घड्याळवाल्याची आई मागच्या वर्षी अशीच खोकत होती. घड्याळवाला म्हणाला, आईला जरा हवापालटाला नेतो. नेली. कुठल्याशा संस्थेत, झाडाझुडपांची जागा, म्हणे हवा फार चांगली. म्हातारी परत आली नाही. तिची खाट मात्र विकायला ह्याच कारखान्यात आली, आणि पॉलिशबाईंनीच ती घासून चकचकीत करून दिली. तेव्हापासून 'हवापालट' हा शब्द कानावर पडला की त्या उठून जायच्या. त्यांची खोली घरातली सगळ्यांत चांगली खोली होती. उजेड होता, वारा होता. सूनबाईचं मशीन बिचारं अंधाऱ्या कोपऱ्यात. दोन आणि दोन चार करायला शाळेत जावं लागत नाही.

त्यात गेल्या आठवड्यात त्यांनी ऐकलं. मुद्दाम ऐकलं नाही. मोरीत पाय धूत होत्या आणि पाण्याचा नळ त्यांनी बंद केला, इतकंच. स्वयंपाकघरात मुलगा म्हणत होता, "अगं, निदान ऋतू तरी बदलू दे." आणि सूनबाई म्हणाली, "ऋतू बदलेपर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच उरकून टाका. त्यांना कळायचंसुद्धा नाही."

त्याच संध्याकाळी मुलगा जिन्यात उभा राहून बहिणीशी फोनवर बोलत होता. बहीण लांब, दुसऱ्या गावी दिलेली. "हवा बरी आहे तोवर येऊन जा," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढं जमेल न जमेल." म्हणजे लेकीलाही कटात घेतलं होतं. न्यायला तीच येणार असेल. पोटची पोर ती, तिनं हात धरला की आई नाही कशी म्हणेल?

आणि आता हे दार.

चहाच्या वेळी बाईंनी खडा टाकून पाहिला. "माझ्या खोलीचं दार आज बरं उघडलं," त्या कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या.

मुलगा चहात खारी बुडवून बोटं चाटत होता. तो थांबला. "कुठलं दार?"

घरात त्यांच्या खोलीला एकच दार. बाईंनी चहावर फुंकर घातली.

"हवा सुधारली असेल आई," सूनबाई म्हणाली.

बाहेर पन्हळीतून धो धो पाणी पडत होतं. तिघांनीही ते ऐकलं. सूनबाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि ती उठून रिकामं पातेलं घासायला गेली. गोगलगाय आणि पोटात पाय, बाई मनात म्हणाल्या. पण त्यांना राग आला तो मुलाचा. बायको परक्या घरातून आलेली, तिला लाकडाचं काय कळणार? हा मात्र रंध्याच्या सालपटांत खेळून मोठा झालेला. ह्याला खोटं बोलायचं होतं तर निदान सुतारासारखं तरी बोलायचं होतं.

पाऊस जरा ओसरल्यावर बाई छत्री घेऊन समोर गेल्या, चष्मेवाल्याकडं. हा चष्मेवाला गल्लीचा पहारेकरीच. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि काचेतून बाहेर बघायला वेळ भरपूर. बाई त्याच्या स्टुलावर बसल्या आणि चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त काढलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही कला त्यांना उत्तम जमायची.

"काल मी सूनबाईबरोबर दिवसभर दवाखान्यात होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा आमच्याकडं कोणी सुतार आला होता का, बाहेरचा?"

"तुमच्याकडं बाहेरचा सुतार?" चष्मेवाला हसला. "न्हाव्याच्या घरी दुसरा न्हावी येतो का बाई? नाही, कोणी आलं नाही. तुमचे चिरंजीवच काहीतरी करत होते. दार काढून खाली आणलं होतं. ते पडवीत दोन स्टुलांवर आडवं टाकलेलं. मी म्हटलं, मिस्त्री, ह्या पावसात? तर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी."

बाईंच्या हातातली छत्री खाली घरंगळली.

"नक्की तोच होता?"

"मी चष्मे विकतो बाई. मला लांबचं चांगलं दिसतं." त्यानं काडीचा स्क्रू आवळला. मग आवाज उतरवला. "एक सांगू? रंधा मारता मारता मधेच थांबले. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले बराच वेळ. मला वाटलं, डोळ्यात भुसा गेला असेल."

"त्यानं केलं ते चूक केलं. ही नुसती हवा आहे. ऋतू पालटला की..."

"हो हो, माहीत आहे," चष्मेवाला घाईनं म्हणाला. थोरल्या मिस्त्रींनी त्यालाही एकदा ते सगळं समजावलं होतं आणि त्यात त्याची एक अख्खी दुपार गेली होती. "पण मिस्त्री अडाणी आहेत का? करत असतील काही विचारानं. दार विकायचंबिकायचं असेल."

तो हे सहज बोलून गेला. पण बाईंना सगळं चित्र लख्ख दिसलं. बरोबर! जो सुतार हवेच्या मापानं दार तासतो, त्याला कोरड्या दिवसांत त्या दाराचं तोंड बघायचं नसतं. घर दाखवायला लोक येणार. दार उघडून बघणार, वा, किती हलकं आहे म्हणणार. पुढं फट पडली तर ती घेणाऱ्याच्या नशिबी. म्हणजे नुसती खोली नाही, घरच जाणार होतं. आणि म्हणून तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. बापाच्या नियमावर पाणी सोडताना लाज वाटली असेल, वाटायलाच हवी.

त्या घरी आल्या तेव्हा मशीन खडखडत होतं आणि खालून करवतीचा आवाज येत होता. रोजचं घर, रोजचे आवाज. त्यांना रडू आलं आणि त्याचा भयंकर राग आला. ह्या घराची फरशी बसवताना त्यांना सातवा महिना होता आणि तरी त्या फरशा वर चढवत होत्या. हवापालटाला जायचं तर उचलून न्यावं लागेल, मी पायानं चालून जिना उतरणार नाही, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

आणखी एक गोष्ट त्यांना सतावत होती. दार गुपचूप उघडावं अशी व्यवस्था केली, तर ते गुपचूप उघडणारं कोण? दोन दिवसांपूर्वी दुपारी त्यांना अर्धवट जाग आली होती आणि खाटेच्या पायथ्याशी सूनबाई उभी दिसली होती. हात रिकामे, डोळे बाईंवर खिळलेले. बाई हलल्या तशी ती म्हणाली, "उशी नीट आहे का बघत होते." आणि गेली. कपाटाच्या किल्ल्या उशीखाली होत्या. हे कळायला फार डोकं लागत नाही.

त्या दुपारी जेवण झाल्यावर बाईंनी सापळा लावला. दार ओढून घेतलं आणि त्याला आतून एक खुर्ची टेकवली, अशी की बाहेरून दार जरा ओढलं तर आडवी व्हावी. खुर्चीवर पितळी तांब्या ठेवला. मग त्या खाटेवर उताण्या पडल्या, डोळे मिटले, आणि झोपलेल्या माणसासारखा श्वास घ्यायला लागल्या. त्यांना स्वतःचं थोडं हसूही आलं. ह्या वयात असले खेळ. पण ज्याचं घर त्यालाच राखावं लागतं.

मशीन थांबलं. थोड्या वेळानं दार हललं.

खुर्ची आडवी झाली आणि तांब्या असा काही कोसळला की खालची करवतसुद्धा गप्प झाली. आता सूनबाई पळणार, किंवा थापा मारणार, असं बाईंना वाटलं. सूनबाई ओरडली, "आई!" ते ओरडणं चोरी पकडली गेलेल्या बाईचं नव्हतं. ती खुर्चीवरून अडखळत आली, तांब्याला पाय लागून तो भिंतीपर्यंत गेला, आणि तिनं खाटेवर वाकून बाईंच्या नाकाखाली दोन बोटं धरली. 

बाईंनी डोळे उघडले.

"नाक काय धरतेस?" त्या म्हणाल्या. "गळा खाली आहे."

सूनबाई खाली बसली. फरशीवर, खाटेला टेकून. आणि तिला हुंदका फुटला. तेवढ्यात मुलगा जिना चढून धापा टाकत आला. दोन्ही हातांना लाकूड चिकटवायचा सरस लागलेला, त्यामुळं ते हात त्यानं वर धरले होते. "काय झालं? पडली का आई? काय झालं?"

"काही झालं नाही," बाई उठून बसल्या. "तुमचं काम सोपं व्हावं म्हणून दार केलंत ना? मी जरा अवघड केलं. बसा दोघं. मला आता सरळ सांगा, कुठं पाठवताय मला?"

"कुठं पाठवणार?" मुलगा म्हणाला.

"हवापालटाला. घड्याळवाल्याच्या आईसारखं. ताईला बोलावलंयस न्यायला, मी ऐकलंय. आणि घर विकायला काढलंयस. दार तासलंस. पडवीत स्टुलावर टाकून. माझ्या पाठीमागं."

मुलानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं पदरानं नाक पुसलं.

"मी सांगितलं त्यांना करायला," ती म्हणाली. "ते नको म्हणत होते. ऋतू बदलू दे म्हणत होते. मी ऐकलं नाही."

"का?"

"दार करकरलं की तुम्ही जाग्या व्हायचात. मग खोकल्याची उबळ यायची ती थांबायची नाही. मला रात्रीतून यायचं असतं. दुपारी पण. म्हणून म्हटलं, आवाज नको."

"यायचं कशाला असतं?"

"बघायला."

"काय बघायला?"

सूनबाई पुन्हा रडायला लागली. मुलगा सरसाचे हात तसेच धरून उभा.

"आणि ती टेप?"

"माझी गादी तुमच्या खाटेशेजारी मावते का बघत होते. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

म्हणाल्याच असत्या. बाईंनी हे मनात कबूल केलं. मग त्यांनी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न विचारला. "म्हणजे घर विकत नाही?"

"नाही गं."

"मला कुठं नेत नाही?"

"इथंच राहायचं तू. ह्याच खोलीत. कोण नेतंय तुला?"

बाईंना एवढं हलकं वाटलं की त्या हसल्याच. महिनाभर छातीवर ठेवलेलं वजन कोणीतरी उचललं. घर आपलं होतं, खोली आपली होती, मुलगा हरामखोर निघाला नव्हता, आणि सून तर सोन्याची. किती वेडेपणा! चोर सोडून संन्याशाला सुळावर द्यायला निघालो होतो, आणि इथं तर चोरही नव्हता. त्यांनी सूनबाईच्या केसांवर हात ठेवला. मग हसत हसतच मुलाकडं बघून म्हणाल्या, "पण तू रे? तिला रंध्यातलं कळत नाही. तुला तर कळतं. बायकोच्या नादानं बापाला विसरलास? कोरडे दिवस आले की त्या दारात फट पडणार."

"पडणार," मुलगा म्हणाला.

"थंडी आत येणार."

"येणार."

"मला सोसायची नाही ती. खोकला आहे मला. मग ते माहीत असून तू..."

 मुलानं मान फिरवली आणि भिंतीकडं तोंड केलं. त्याचे खांदे हलायला लागले.

बाईंचं हसू तोंडावरच राहिलं. त्या मुलाच्या पाठीकडं बघत होत्या. ही पाठ अगदी बापाची. हा सुतार काही विसरला नव्हता. त्यानं हिशेब केला होता. आजची ओल आणि पुढची थंडी, दोन्ही समोर ठेवून केला होता, आणि मग रंधा हातात घेतला होता. दार आजच्या दिवसाच्या मापानं तासायला हरकत नव्हती, कारण ते वापरणाऱ्या माणसाला पुढच्या ऋतूत ते वापरायचं नव्हतं.

"हवेनं आहे म्हणालास मला," बाई म्हणाल्या.

"हो."

"हवेचं नाहीये हे."

"नाही, आई."

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पॉलिशबाईंना भीती वाटली. खरी भीती. हवापालटाची भीती ह्याच्यापुढं खेळण्यातली होती. घर जाईल, घर जाईल म्हणून त्या महिनाभर डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. घर कुठंच जात नव्हतं. जाणार होत्या त्या. सगळ्यांवर संशय घेतला, आणि स्वतःच्या छातीवर मात्र घेतला नाही. मुलगा म्हणाला हवा, तर हवा. त्यांना मुलाचा राग आला, डॉक्टरचा आला, बाहेरच्या बाकाचा आला. तो बाक कोणी केला होता कोण जाणे, पण अगदी वाईट पॉलिशचा होता.

"ताईला म्हणून बोलावलंस होय," त्या म्हणाल्या.

मुलानं नुसती मान हलवली.

"ये म्हणावं. लवकर ये म्हणावं, आणि रडायला येऊ नको म्हणावं. रडायला तू पुरेसा आहेस." त्यांनी त्याला जवळ बोलावलं. तो आला आणि लहान असताना बसायचा तसा खाटेच्या कडेला बसला, हात मात्र अजून हवेतच, चादरीला सरस लागू नये म्हणून. बाईंनी त्याची दोन्ही मनगटं धरून ते हात खाली, स्वतःच्या मांडीवर ठेवले. लुगड्याला सरस लागला. लागू दे, त्या म्हणाल्या.

"खोटं का बोललास पण?"

"तुला झोप लागली नसती."

"ती तशीही लागत नव्हती. तुमच्या मागावर होते मी." मग त्यांनी सूनबाईकडं पाहिलं. ती खाली तशीच बसली होती, नाक लाल, केस सुटलेले. घरातलं सगळ्यांत मोठं गुपित पोटात घेऊन ही बाई महिनाभर पडदे शिवत होती, दिवसातून कितीदा तरी येऊन दोन बोटं नाकाखाली धरत होती, आणि वर सासूचा संशय सोसत होती. बाईंना तिच्यापुढं स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि लाज वाटली की त्या नेहमी करायच्या तेच त्यांनी केलं. आवाज चढवला.

"आणि काय गं, मांजरासारखी ये-जा करतेस? माणूस दचकून मरायचा अशानं. आज रात्रीपासून गादी घेऊन ये आणि इथंच झोप."

सूनबाईनं वर पाहिलं. "चालेल तुम्हाला?"

"चालायला काय झालंय? खिडकीकडं टाकू नकोस, ओल येते. इथं टाक, माझ्या हाताशी." बाईंनी खाटेशेजारची जागा दाखवली, आणि मग त्यांना राहवलं नाही. "झोपेत माझ्याबद्दल काय बडबडतेस ते तरी कळेल मला."